लहान चणीचा कोंबडा आणि अंगानं मोठ्या कोंबड्या: नर विकण्याआधी अंडी फोडून बघा

वाचकाचा प्रश्न (नाव-गाव वगळून, थोडक्यात):

रत्नागिरी जिल्ह्यात आमचं घर आहे. मागच्या आवारात १६ कोंबड्या आहेत: १० कावेरी (जास्त अंडी देणारी सुधारित जात), ६ गावरान. जुना नर एकच. गावरान, दोन वर्षांचा, वजन सव्वा किलो. त्याचीच दोन पोरं आता साडेचार महिन्यांची झालीत, तीही लहान चणीची. मे महिन्यात खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावरान कोंबडीखाली १४ अंडी ठेवली, त्यातून पाचच पिल्लं निघाली. सासरे म्हणतात, एवढ्याशा कोंबड्याच्यानं दोन किलोच्या कोंबड्या सांभाळणं होत नाही. तिन्ही नर विक आणि मोठा गिरिराज (भारी सुधारित जातीचा नर) आण. नवऱ्याला वाटतं, कोंबडा काढला तर अंडी थांबतील. त्यात दोन कावेरींच्या पाठी उघड्या पडल्यात, धाकट्या नरांपैकी एक माझ्या पाच वर्षांच्या मुलावर धावून जातो, आणि पहाटेच्या आरवण्यावरून शेजारी कुरकुरतात. जुना कोंबडा मला आवडतो, पण आवडतो म्हणून ठेवणं परवडणारं नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, आधी नवऱ्याची शंका मिटवू, कारण ती सर्वांत सोपी आहे. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. पिंजऱ्यातल्या व्यावसायिक लेअर (फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्या आयुष्यात एकदाही नर बघत नाहीत आणि तरी अंडी देतात. अंडी कमी-जास्त होतात ती वय, दिवसाचा उजेड, खाद्य, पीस गळण्याचा काळ आणि आजार यांमुळे. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. तुम्हाला फक्त खाण्या-विकण्यापुरती अंडी हवी असती, तर एकही नर ठेवू नका असंच सांगितलं असतं. खाद्य वाचतं, शेजारी शांत राहतात, कोंबड्यांच्या पाठी भरून येतात. पण तुम्ही खुडूक बसवता, म्हणजे तुम्हाला घरची पैदास हवी आहे. शिवाय बाहेरून एक महिन्याची पिल्लं आणली, तरी ती बहुधा नर-मादी वेगळी न केलेलीच मिळतात आणि निम्मे नर निघतात. नको असलेल्या नरांचं काय करायचं हा प्रश्न त्या वाटेनंही सुटत नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यात दोन गोष्टी आहेत. उबवण वाईट निघाली, हे खरं. ती कोंबड्याच्या अंगकाठीमुळे निघाली, हे अजून कुणी तपासलेलं नाही. १४ पैकी ९ अंडी वाया जायला अनेक कारणं असतात आणि तुमच्या पत्रातच त्यातली दोन-तीन दिसतात.

पहिलं कारण मे महिना. फलित अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या वर सावकाश वाढायला लागतो. कोकणातल्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या टोपलीत ३० अंशांच्या वर तापमान असतं. तिथे अंडं आठ-दहा दिवस पडून राहिलं की जीव थोडा वाढतो, अडखळतो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच मरतो. शिवाय कडक उन्हाळ्यात कोणत्याही चणीच्या नराचं बीज कमजोर होतं. दुसरा प्रश्न, १४ अंडी जमवायला किती दिवस लागले? सात दिवसांच्या आतली अंडी चांगली. दहा दिवसांच्या पुढची ठेवूच नका. तिसरी गोष्ट, १४ अंडी एका गावरान कोंबडीखाली? स्वतःच्या अंड्यांच्या आकाराची १० ते १२ अंडी ती नीट झाकते. कावेरीची मोठी अंडी असतील तर आठ-नऊ. त्याहून जास्त ठेवली की कडेची अंडी थंड पडतात. कोंबडी अंडी हलवत असल्यामुळे आज कडेला असलेलं उद्या मध्ये जातं आणि मधलं कडेला येतं. त्यामुळे जास्तीची चार अंडी ठेवल्यानं चारच बिघडतात असं नाही, सगळ्या रवणीलाच, म्हणजे एका वेळी उबवायला ठेवलेल्या सगळ्या अंड्यांना, धक्का बसतो.

ही तिन्ही कारणं कोंबड्याच्या वजनाशी संबंधित नाहीत. चार किलोचा गिरिराज असता तरी त्या १४ अंड्यांचं फार वेगळं झालं नसतं.

म्हणून नर विकण्याआधी एक तपासणी करा. खर्च काही नाही, फक्त आधी धाकट्या दोन नरांना तीन आठवडे वेगळं ठेवावं लागेल; कारण पुढे सांगते. त्यानंतरचे पाच-सहा दिवस अंडं गोळा केलं की बोथट टोकावर पेन्सिलीनं खूण करा: कावेरीचं असेल तर ‘क’, गावरानचं असेल तर ‘ग’. कावेरीचं कवच तपकिरी आणि आकार मोठा, त्यामुळे ओळखायला अडचण येऊ नये. ताजी अंडी एक-एक करून पांढऱ्या बशीत हलक्या हातानं फोडा आणि बलकावरचा पांढरा ठिपका शोधा. दिसला नाही तर बलक चमच्यानं अलगद फिरवा. ठिपका लहान, भरीव आणि कडा वेड्यावाकड्या असतील, तर अंडं निर्बीज. ठिपका जरा मोठा, साधारण चार मिलिमीटरचा, गोल, आणि त्यात आतला भाग फिकट व बाहेर पांढरं कडं असं दिसत असेल, तर अंडं फलित. पहिली दोन-तीन अंडी बघताना गोंधळ होईल. दहा बघितल्यावर डोळा बसतो. ‘क’ची आठ आणि ‘ग’ची सहा अंडी बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडत जा. अंडी खायला वापरायचीच आहेत, वाया काही जात नाही.

निकाल असा वाचायचा. दोन्ही खुणांची बहुतेक अंडी फलित निघाली, तर तुमचा कोंबडा कामाचा आहे आणि दोष साठवणीत किंवा रवणीत आहे. ‘ग’ फलित आणि ‘क’ रिकामी निघाली, तर सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर: गावरान कोंबड्यांशी त्याचं जमतं, कावेरींशी नाही. दोन्हीकडे रिकामी निघाली, तर कोंबड्याची तब्येत बघायची. त्याकडे पुढे येते. एक सावधगिरी: सध्या तुमच्याकडे धाकटे दोन नरही मोकळे आहेत. साडेचार महिन्यांचा गावरान नर कोंबड्यांवर चढायला लागलेला असतो, त्यामुळे श्रेय कुणाचं ते कळणार नाही. आधी त्या दोघांना वेगळं काढा, तीन आठवडे जाऊ द्या, मग अंडी फोडा. तीन आठवडे यासाठी की कोंबडीच्या शरीरात नराचं बीज साठून राहतं. नर काढल्यावरही दहा-चौदा दिवस, कधी थोडं जास्तच, फलित अंडी येत राहतात.

याच साठवणीमुळे लहान नराचं काम वाटतं तितकं अवघड नसतं. त्याला प्रत्येक कोंबडीवर रोज चढावं लागत नाही; एकदा नीट जमलं की कित्येक दिवस भागतं. हलक्या जातीचा तरतरीत नर दहा-बारा कोंबड्या सांभाळतो, भारी जातीचा आठाच्या आसपास. तुमच्याकडे १६ आहेत, म्हणजे एकट्या जुन्या नरावर थोडा ताण आहे, पण अशक्य नाही. सगळ्याच कोंबड्यांची अंडी उबवायची नसतील, तर तेवढ्यावर भागतं.

चणीची अडचण नेमकी कुठे येते तेही बघू. कोंबडा चोचीनं कोंबडीच्या मानेची पिसं धरतो, पाठीवर उभा राहतो आणि शेपूट खाली आणून अंग टेकवतो. कोंबडी फार लांब असली तर मान धरल्यावर त्याचं मागचं अंग पोहोचत नाही. कोंबडी तयार असून नीट दबून बसली, तर बऱ्याचदा पोहोचतं. दोन गोष्टींनी मदत होते. कावेरींच्या आणि कोंबड्याच्याही गुदद्वाराभोवतीची दाट पिसं लहान कात्रीनं दोन-तीन सेंटिमीटरच्या घेरात आखूड करा. कातडीला लागू देऊ नका, आणि रक्त भरलेली निळसर देठाची नवी पिसं कापू नका. दुसरं, सिमेंटच्या फरशीवर पाय घसरतात. कोंबड्यांचा जास्त वेळ मातीवर जाईल असं बघा. याउपर ‘क’ची अंडी रिकामीच राहिली, तर या जोडीचा आग्रह सोडा.

आता एक बारकावा. तुमचा कोंबडा सगळ्या अंगानंच लहान आहे, की धड बरं असून पाय आखूड आहेत? जवळून बघा. पायच आखूड असतील, चालताना पोट जमिनीला लागेल असं वाटत असेल, आणि तुमच्या गावरान कोंबड्यांतही कुणाचे पाय तसेच असतील, तर वेगळी शक्यता उभी राहते. आखूड पायांचा एक आनुवंशिक गुण असा आहे की तो आई आणि बाप दोघांकडून आला तर जीव अंड्यातच, पहिल्या काही दिवसांत मरतो. आखूड पायाचा नर आणि आखूड पायाची मादी अशी जोडी असली की फलित अंड्यांपैकी साधारण एक चतुर्थांश अशी जातात, आणि वरवर पाहणारा म्हणतो की कोंबडा कुचकामी. उपाय सोपा: अशा नराला सरळ, उंच पायांच्या कोंबड्याच द्या. मग ही मर होत नाही. पिल्लांपैकी निम्म्यांचे पाय आखूड निघतील, एवढंच.

पुढची रवण बसवताना मात्र काळजी घ्या, तीही पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. मळकी, भेगाळलेली, फार लांबुडकी बाजूला काढा. अंडी धुऊ नका. धुतल्यानं कवचावरचा संरक्षक थर जातो. निमुळतं टोक खाली करून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. फ्रिज नको. ओल्या वाळूवर मातीचं भांडं ठेवून त्यात कोरड्या सुती कापडावर अंडी ठेवली की चांगली राहतात. अंड्याला ओल लागता कामा नये. कोंबडी खरोखर खुडूक आहे ना हे दोन दिवस टाकाऊ अंड्यावर बसवून बघा आणि मग निवडलेली सगळी अंडी एकदम, संध्याकाळी खाली ठेवा. रोज एक-एक घालत गेलात तर पिल्लं मागे-पुढे निघतात, आणि पहिली पिल्लं चालायला लागली की कोंबडी उरलेली अंडी सोडून उठते.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंडी उजेडावर धरा. जाड पुठ्ठ्याला अडीच सेंटिमीटरचं भोक पाडा, मागे मोबाईलचा टॉर्च, पुढे अंड्याचं बोथट टोक. लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव वाढतोय. आरपार स्वच्छ दिसलं तर अंडं निर्बीज असावं, किंवा जीव फार लवकर गेला असावा. लाल रेषेचं नुसतं कडं दिसलं तर जीव धरला होता आणि मेला: उष्णता, शिळं अंडं, किंवा कोंबडी बराच वेळ उठून गेली. कावेरीच्या तपकिरी कवचातून नीट दिसत नसेल तर नवव्या रात्री बघा. स्वच्छ आणि कड्याची अंडी काढून टाका. एकविसाव्या दिवसानंतर दोन दिवस वाट बघा आणि न फुटलेली अंडी फेकण्याआधी आवाराबाहेर फोडा. पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं असेल तर कोंबड्याला बोल लावू नका; त्यानं आपलं काम केलेलं असतं.

आता दोन्ही खुणांची अंडी रिकामी निघाली तर. दोन वर्षांचा नर म्हातारा नव्हे. तिसऱ्या वर्षानंतर जोर उतरू लागतो. तेव्हा आधी त्याचं पोट भरतं का ते बघा. चांगला कोंबडा दाणा सापडला की बोलावून कोंबड्यांना खाऊ घालतो आणि स्वतः मागे राहतो. वर लहान चणीच्या नराला भारी कोंबड्या खाद्यावरून हुसकतात. रात्री त्याला हातात घेऊन छातीचं हाड चाचपा. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं, तर तो उपाशी आहे. खाद्याची दोन भांडी ठेवा, एकमेकांपासून दोन मीटर लांब. त्यातलं एक अर्धा मीटर उंच ओट्यावर ठेवा. तो सहज उडी मारतो, कावेरी आळस करतात. संध्याकाळी डालग्याखाली वेगळी मूठभर भरड आणि थोडा सुका जवळा दिलात तर महिन्याभरात अंग धरेल.

मग त्याचं गुदद्वार आणि पंखाखालची जागा उजेडात बघा. पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या म्हणजे उवांची अंडी. उवांनी हैराण झालेला नर कोंबड्यांवर चढायचं टाळतो. छपराखाली दोन फूट लांब-रुंद खोकं ठेवून त्यात वीतभर थर करा: दोन भाग कोरडी माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेली चुलीची राख. पावसाळ्यात अंगणातली माती ओली असते, कोंबड्यांना धुळीत लोळायला जागा मिळत नाही, आणि उवा नेमक्या तेव्हाच वाढतात. तेवढ्यानं भागलं नाही तर औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच आणा. शेतीवर फवारायचं औषध कोंबड्यांच्या अंगावर मारण्याचे प्रयोग नकोत. पक्षी मरतात, अंडीही खाण्यालायक राहत नाहीत.

गिरिराजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या आवारात साडेतीन-चार किलोचा नर आणू नका. तुमच्या सहा गावरान कोंबड्या सव्वा-दीड किलोच्या असतील. त्यांच्यावर अडीच-तीनपट वजनाचा नर चढला की पाठीची सालं निघतात, बरगडीपाशी नखं लागतात, आणि त्या भीतीनं दिवसभर फणसावर चढून बसतात. लहान नर मोठ्या कोंबडीवर अपुरा पडला तर फार तर अंडं रिकामं निघतं. मोठा नर लहान कोंबडीला जायबंदी करतो. भारी नर दमट उन्हाळ्यात लवकर थकतो, उंच दांडीवरून उतरताना त्याच्या तळपायाला गाठी होतात, आणि खातोही जास्त. मोठी अंडी मिळतील म्हणून आणायचा असेल, तर लक्षात घ्या: अंड्याचा आकार कोंबडीवर ठरतो, तिच्यावर चढलेल्या नरावर नाही. नराचा परिणाम दिसतो तो त्याच्या मुली अंड्यावर आल्यावर.

इथे लहान नराची खरी किंमत आणि खरा तोटा दोन्ही मांडायला हवेत. त्याच्या आणि कावेरीच्या मुली अंगानं हलक्या होतील, कावेरीपेक्षा कमी आणि लहान अंडी देतील. पण त्यातल्या बऱ्याच खुडूक बसतील, जे कावेरी सहसा करत नाही. उडतील, घार दिसली की झुडपात शिरतील, कमी दाण्यावर चरून पोट भरतील. महिन्याला जास्तीत जास्त अंडी विकणं हा हेतू असेल तर घरी पैदास न करता दर दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं आणणं बरं. राज्यात पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. पिल्लांची उपलब्धता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारता येते. आवारात आपणच वाढणारा, आपणच पिल्लं काढणारा कळप हवा असेल तर तुमच्या सव्वा किलोच्या नरासारखा बाप चांगला. यातलं काय हवं ते ठरवलंत की निम्मा वाद मिटेल. घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळा कळप आहे, असं पत्रावरून वाटतं.

पाठी उघड्या पडल्यात त्याबद्दल. पिसं नेमकी कुठून गेलीत? दोन्ही पंखांच्या मध्ये आणि मानेच्या मागच्या बाजूला गेली असतील तर ते नराचं काम. शेपटीच्या बुडाशी टोचलेलं दिसत असेल तर दुसऱ्या कोंबड्या टोचतायत. डोकं, मान, मग छाती असं क्रमानं उतरत असेल तर ती वार्षिक पीसगळ. सोळांपैकी दोघींच्याच पाठी गेल्यात, म्हणजे बहुधा नराचंच. लगेच दबून बसणाऱ्या कोंबड्या नरांच्या आवडत्या होतात. आणि सध्या तुमच्याकडे १६ कोंबड्यांमागे तीन नर आहेत, म्हणजे एकामागे पाचच. जुना नर उतरला की पोरं चढतात. दोष चणीचा नाही, संख्येचा आहे.

त्या दोघींना पंधरा दिवस वेगळं ठेवा. जखम असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसू देऊ नका. मुळापासून उपटलेलं पीस सहा-आठ आठवड्यांत भरतं. मधूनच तुटून बुडखा राहिलेलं पीस पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. म्हणून आठ दिवसांत फरक दिसला नाही तर घाबरू नका. पाठीला बांधायची कापडी झूल बरेच जण सुचवतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात ठीक आहे: जुन्या जीन्सचं वीतभर लांबीचं कापड, मानेकडे अरुंद, पंखांतून घालायला दोन इलॅस्टिकचे पट्टे, आत दोन बोटं जातील इतके सैल. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र ओलं कापड पाठीवर राहून कातडी कुजते आणि खाली उवा होतात. सध्या नकोच.

कोंबड्याची नखं आणि पायामागचा काटा बघा. नखाचं टोक कानशीनं बोथट करा. काट्याच्या आत जिवंत हाड असतं, त्यामुळे फक्त टोकाचा थोडा भाग घासायचा. छाटायला गेलात तर रक्त थांबत नाही. कोंबडा रात्री अंधारात, चादरीत गुंडाळून धरला की निमूट राहतो.

धाकट्या दोघांचा निर्णय सर्वांत सोपा आहे: दोघेही जाऊ द्या. ते तुमच्याच कोंबड्यांचे मुलगे आहेत. त्यांना इथेच ठेवलंत तर आया-बहिणींशी जोड लागत जाईल आणि दोन-तीन पिढ्यांत उबवण आणखी घसरेल. मुलावर धावणारा तर या आठवड्यातच वेगळा करा. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात येतात. तोवर मुलाला एकटं आवारात सोडू नका. असा नर अंगावर आला तर लाथ मारू नका, पळूही नका, दोन्हींनी तो चेकाळतो. उचलून काखेत दाबून पाच-दहा मिनिटं फिरवा, मग सोडा. काही नर यानं निवळतात. पण घरात लहान मूल असताना त्या प्रयोगात महिना घालवू नये, आणि अशा नराची पैदासही करू नये; स्वभाव काही अंशी पिल्लांत उतरतो.

विकायचे तर आषाढात. गटारीच्या आठवड्यात किलोभराच्या गावरान कोंबड्याला जो भाव मिळतो, तो श्रावण लागला की राहत नाही. मग भाद्रपदात गौरीच्या तिखट्या सणापर्यंत त्यांना पोसत बसावं लागतं. एखाद्यानं नेमका मारकुटा नर जास्त पैसे देऊन मागितला तर तो कशाला हवाय ते विचारा. झुंजीसाठी नेणारे फिरत असतात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार झुंज लावणं गुन्हा आहे.

विकेपर्यंत दोघांना चार फूट बाय सहा फुटांच्या जाळीत, कोंबड्या नजरेस पडणार नाहीत अशा बाजूला ठेवा. मादी दिसत नसली की एकत्र वाढलेले नर फारसे भांडत नाहीत. त्यांना लेअरचं खाद्य देऊ नका. त्यातलं साडेतीन-चार टक्के कॅल्शियम अंड्यावरच्या कोंबडीसाठी असतं. वाढत्या नराच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. खरं तर सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य देऊन तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवलात तर ज्यांना हवा त्या कोंबड्या खातील, आणि कोंबड्यावरही त्याची सक्ती होणार नाही.

शेजाऱ्यांची कुरकुर दोन नर गेल्यावर बरीच कमी होईल. पहाटेचं आरवणं उजेड बघून होतं असं आपण समजतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ते कोंबड्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं, आणि पुढच्या अभ्यासात असं दिसलं की सर्वांत वरचढ नर आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. म्हणजे खुराडं काळोखं केलं म्हणून तो गप्प बसणार नाही, पण एकानं सुरू करून तिघांनी उचलून धरणं थांबेल. राहिलेल्या एकाला रात्री सव्वा फूट उंचीच्या हवेशीर डालग्यात, शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब, घराच्या आतल्या बाजूला ठेवा. आरवायला त्याला मान पूर्ण ताणावी लागते. ती ताणता आली नाही की आवाज दबतो. ताठ बसता येईल इतकी जागा हवीच, आणि उजाडल्यावर साडेसहाला सोडा. गळ्याला पट्टा बांधायचा प्रकार करू नका, गुदमरून मरतात. आणि शेजाऱ्यांना महिन्याला चार गावरान अंडी द्यायला हरकत नाही.

तपासणीत ‘क’ची अंडी रिकामी निघालीच आणि कावेरींची पिल्लं हवीच असतील, तर मधल्या वजनाचा नर शोधा: पावणेदोन-दोन किलोचा गावरान, दुसऱ्या वाडीतला, ज्याचं तुमच्या कळपाशी नातं नाही. कडकनाथ नरही याच वजनाचा असतो, पण त्याची पिल्लं काळपट निघतात. तुमच्या गिऱ्हाइकांना ती चालतील का ते आधी विचारा. नवा नर आला तर तीन आठवडे कळपापासून लांब, वेगळ्या भांड्यांत खाऊ घाला आणि त्याची कामं सगळ्यांत शेवटी करा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्याला झाली आहे का हे विकणाऱ्याला विचारा; खात्री नसेल तर तुमच्या कोंबड्यांबरोबर त्यालाही दवाखान्यातून टोचून घ्या. मग आठवडाभर जाळीपलीकडून कोंबड्यांना दिसेल असा ठेवा आणि संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर आत सोडा. जुना नर तेव्हा गावरान कोंबड्यांसह वेगळ्या कुंपणात हवा. दोघांच्या मधल्या जाळीला खालचे दोन फूट गोणपाट लावा, नाहीतर दिवसभर जाळीतूनच एकमेकांचे तुरे फोडत राहतील.